नोंदवही सर्वांची, रांग कोणाची?

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील बार्शीटाकळी या तालुक्याच्या गावी बाराव्या शतकातील हेमाडपंती देवीमंदिर आहे आणि तेथे शके १०९८ चा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षांत राजवटी आल्या आणि गेल्या. दगडावर जे कोरले गेले ते कोणी पुसले नाही. त्याच गावात जमिनीच्या खरेदीखतांची नोंद करणारे दुय्यम निबंधकाचे कार्यालय आहे. दगडाच्या मानाने कागद फार दुबळा. तो फाटतो, हरवतो, प्रसंगी बदललाही जातो. म्हणून ‘एकदा लिहिले की कोणालाही पुसता येणार नाही’ अशा नोंदवहीचे आश्वासन कोणी दिले, तर सातबाऱ्याच्या फेऱ्यांनी त्रासलेल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला ते मोलाचे वाटावे यात नवल नाही. ब्लॉकचेन या नावाने गेली काही वर्षे ज्या तंत्राचा गौरव केला जातो, त्याचे मुख्य आश्वासन हेच आहे.

हे आश्वासन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कोणती ओळ आधी कोरावी आणि कोणती नंतर, हे दगड ठरवीत नाही. ते छिन्नी ज्याच्या हाती असते तो ठरवतो. नोंद झाल्यानंतर ती अभेद्य असणे ही एक गोष्ट आणि नोंद होण्यापूर्वी तिचा क्रम कोणी ठरवायचा ही दुसरी गोष्ट. पहिल्या गोष्टीच्या कौतुकात दुसरीचा विसर पडतो, आणि आजच्या अर्थव्यवहारातील नवी दलाली नेमकी या विसरात जन्म घेते. श्रमिकांच्या आणि शेतकऱ्यांच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे ‘हा संगणकतज्ज्ञांचा विषय’ म्हणून पाठ फिरवणे योग्य होणार नाही. तो मुळात सत्तेचा विषय आहे.

पान कसे लिहिले जाते

ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक सामाईक वही. तिचे प्रत्येक पान, म्हणजे ब्लॉक, आधीच्या पानाशी गणिती खुणेने बांधलेले असते. मधले एखादे पान बदलले तर पुढील सर्व पानांच्या खुणा चुकतात आणि लबाडी तत्काळ उघड होते. बिटकॉइन या चलनाची वही जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. जुलै २०१५ मध्ये इथेरियम ही दुसरी मोठी वही उघडली. तिच्यात पैशांच्या देवघेवीबरोबर करारही लिहिता येतात आणि ते करार आपोआप अमलात येतात. या वह्यांचा कोणी सावकार नाही, कोणी कारकून नाही, मध्यस्थ नाहीसा झाला, असा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा दावा असतो.

प्रत्यक्षात काय घडते? एखाद्याने आपला व्यवहार सही करून पाठवला की तो थेट वहीत जात नाही. तो प्रथम एका सार्वजनिक प्रतीक्षास्थानी थांबतो. असे हजारो व्यवहार तेथे थांबलेले असतात आणि ते कोणालाही वाचता येतात. इथेरियमच्या वहीचे नवे पान दर बारा सेकंदांनी लिहिले जाते. ते लिहिण्याचा मान, किमान बत्तीस इथर तारण ठेवणाऱ्या सहभागी मंडळींपैकी, ज्याचा क्रमांक यदृच्छेने लागतो त्याला मिळतो. प्रतीक्षेतील कोणते व्यवहार पानावर घ्यावयाचे आणि कोणत्या क्रमाने, हे त्या बारा सेकंदांपुरते त्याच्या हाती असते. एकाच खात्यातून निघालेल्या व्यवहारांना आपापसांत अनुक्रमांक असतात, तेवढा क्रम त्याला मोडता येत नाही. परंतु रामाचा व्यवहार आधी की गोविंदाचा, याविषयी वहीचा कोणताही नियम नाही. जो आधी आला तो आधी, असाही नियम नाही. जास्त शुल्क देणाऱ्याला वर घेण्याचा प्रघात आहे. तो प्रघात आहे, कायदा नव्हे.

नुसत्या देवघेवीत या क्रमाने फारसे बिघडत नाही. रामाने शामाला शंभर रुपये दिले, गोविंदाने गोपाळाला पन्नास दिले. आधी कोणते लिहिले याने कोणाचेही नुकसान होत नाही. जेथे एकाच्या नोंदीमुळे दुसऱ्याचा भाव किंवा वाटा बदलतो, तेथे मात्र क्रमालाच किंमत येते.

बारा सेकंदांतील दलाली

एक काल्पनिक, परंतु प्रत्यक्षाशी जुळणारे उदाहरण घेता येईल. या वहीवर चालणाऱ्या अनेक बाजारांत समोर विक्रेता नसतो. एक सामाईक साठा असतो. समजा, साठ्यात एका वस्तूचे १,००० नग आणि १,००,००० रुपये आहेत. नग आणि रुपये यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे, एवढाच त्या बाजाराचा नियम. एका साध्या गिऱ्हाइकाने १०,००० रुपयांची खरेदी करावयाचे ठरवले. त्याचा व्यवहार सरळ वहीत गेला तर शुल्क वगळता त्याला सुमारे ९१ नग मिळतील.

परंतु त्याची मागणी प्रतीक्षास्थानी उघडी पडलेली आहे. ती एका चतुर संगणकाने वाचली. त्याने स्वतःची १०,००० रुपयांची खरेदी त्या गिऱ्हाइकाच्या आधी घुसवली आणि सुमारे ९१ नग स्वतः उचलले. त्यामुळे भाव चढला. आता गिऱ्हाइकाचे १०,००० रुपये साठ्यात गेले, पण त्याच्या पदरात सुमारे ७६ नगच पडले. त्याच्या खरेदीने भाव आणखी चढला. लगेच त्याच्या पाठोपाठ त्या चतुर संगणकाने आपले ९१ नग विकून सुमारे ११,८०० रुपये घेतले. काही पिकवले नाही, काही वाहून आणले नाही, साठवले नाही, जोखीम जवळपास पत्करली नाही. केवळ एकाच्या पुढे आणि मागे उभे राहून अठराशे रुपये मिळवले. गिऱ्हाइकाच्या हातून गेलेले पंधरा नग हाच त्या कमाईचा उगम. ‘किमान इतके नग मिळालेच पाहिजेत’ अशी मर्यादा गिऱ्हाइकाला घालता येते, हे खरे. परंतु मर्यादा फार घट्ट ठेवली तर भावाच्या थोड्याशा हालचालीनेही व्यवहार रद्द होतो, आणि सैल ठेवली तर त्या सैलपणाचा लाभ दुसरा उठवतो. या डावाला त्या क्षेत्रात ‘सँडविच’ असे चटकदार नाव आहे. पावाच्या दोन कापांमधला पदार्थ कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या डावात एक अडचण असते. तीनही व्यवहार नेमक्या त्याच क्रमाने लागले पाहिजेत. मध्येच तिसरा कोणी घुसला, किंवा गिऱ्हाइकाचा व्यवहार आलाच नाही, तर डाव अंगावर उलटतो. या अडचणीवरील उपाय म्हणजे ‘बंडल’, अर्थात व्यवहारांचा बांधलेला गठ्ठा. आपली खरेदी, गिऱ्हाइकाची खरेदी आणि आपली विक्री हे तीनही व्यवहार एका गठ्ठ्यात बांधावयाचे, ‘घ्यायचे तर सर्व, याच क्रमाने, नाहीतर एकही नाही’ अशी अट घालावयाची, आणि तो गठ्ठा सार्वजनिक रांगेत न ठेवता पान रचणाऱ्याकडे खाजगी वाटेने, बिदागीसह पोहोचवावयाचा. गिऱ्हाइकाचा व्यवहार त्याला नकळत दुसऱ्याच्या गठ्ठ्यात बांधला जातो. त्याच्या मालाची दोरी दुसऱ्याच्या हाती जाते.

ही पद्धत काही मूठभर भामट्यांची चोरवाट नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी ‘फ्लॅश बॉईज २.०’ या निबंधात क्रम बदलून मिळणाऱ्या या कमाईचे मोजमाप मांडले आणि तिला नाव दिले. तेव्हा ही मंडळी एकमेकांवर शुल्काची चढाओढ करीत. त्या चढाओढीने सर्वांचेच शुल्क वाढत असे. २०२०-२१ मध्ये फ्लॅशबॉट्स या संघटनेने गठ्ठ्यांचा रीतसर लिलाव सुरू केला. उघड चढाओढीची गर्दी टळावी आणि कमाईचा हिशेब उजेडात यावा, असा तिचा उद्देश सांगितला गेला, आणि तो काही अंशी साधलाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची व्यवस्था बदलल्यानंतर बहुसंख्य पाने याच मार्गाने तयार होऊ लागली. आज डाव शोधणारे वेगळे, त्यांचे गठ्ठे रचून पान तयार करणारे वेगळे, तयार पान पोहोचवणारे दुवे वेगळे आणि शेवटी सही करणारा वेगळा, अशी श्रमविभागणी झालेली आहे. सही करणारे लाखोंच्या संख्येने आहेत. पण पाने रचणारे मोजकेच, आणि त्यांतील पहिल्या दोघा-तिघांच्याच हातून बहुतेक पाने जातात. वही सर्वांची आणि रांग मूठभरांची, असे हे चित्र आहे.

या व्यवस्थेतील नीतीचा गोंधळ एका खटल्याने उघड केला. एप्रिल २०२३ मध्ये पानावर सही करणाऱ्या काहींनी दुव्यातील एका दोषाचा फायदा घेतला. सँडविच करणाऱ्या संगणकांना त्यांनी आमिष दाखवले, त्यांचे बांधलेले गठ्ठे सोडून क्रम बदलला आणि सुमारे अडीच कोटी डॉलर काढून घेतले. या प्रकरणी मे २०२४ मध्ये अमेरिकेत दोन भावांवर आरोप ठेवण्यात आले. जे रोज दुसऱ्यांचा क्रम मोडत होते, त्यांचा क्रम मोडला गेला, तेव्हा तो गुन्हा झाला! आणि तो तरी गुन्हा होता काय? ज्युरीचे एकमत झाले नाही आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो खटला निर्णयाविना संपला. जेथे रांगेचा नियमच लिहिलेला नाही, तेथे रांग मोडणे हा अपराध कसा ठरवावयाचा?

मुंबईतील रांग

हे सर्व परदेशातील आणि आभासी चलनातील आहे, असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही. महाराष्ट्राच्या राजधानीत, राष्ट्रीय शेअर बाजारात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला होता. त्या बाजाराने २००९-१० मध्ये दलालांना आपल्याच वास्तूत, बाजाराच्या संगणकाशेजारी, भाड्याने जागा देण्यास प्रारंभ केला. तार जितकी आखूड तितकी भावाची बातमी लवकर. पुढे असे आढळले की, भावांची माहिती सर्वांना एकदम न जाता जोडणीच्या क्रमाने एकामागून एक जात होती. सकाळी ज्याची जोडणी प्रथम, त्याला बातमी प्रथम. २०१५ च्या जानेवारीत एका निनावी पत्राने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो वसुलीचा आदेश रद्द केला. मात्र आवश्यक दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये भरावयास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुरेशा पुराव्याअभावी निकालात काढला.

कोणी कोणाशी संगनमत केले, हा येथे प्रश्नच नाही. ते सिद्ध झालेले नाही. बोध वेगळा आहे. एकाही व्यवहाराची नोंद खोटी नव्हती. वहीतला प्रत्येक आकडा खरा होता. तरीही सर्वांना समान संधी होती काय, हा संशय वर्षानुवर्षे फिटला नाही, कारण तो संशय वहीविषयी नव्हता, रांगेविषयी होता. आणि हेही ध्यानात घेतले पाहिजे की, त्या बाजाराला सेबी होती, न्यायाधिकरण होते, प्रश्न विचारणारी वृत्तपत्रे होती. ग्राहकाची मागणी आधी कळल्यामुळे दलालाने स्वतःचा सौदा पुढे घुसवणे हे सेबीच्या २००३ च्या नियमांनी गैर ठरवले आहे. ब्लॉकचेनच्या जगात तीच कृती ‘सेवा’ म्हणून लिलावात निघते.

क्रमाचा खंड

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी ओळख पटेल. रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाचा सिद्धांत मांडला. मोक्याची किंवा सुपीक जमीन मर्यादित असते. ती ज्याच्या ताब्यात, त्याला काहीही उत्पादन न करता समाजाच्या उत्पन्नातील वाटा मिळतो. पानावरची पहिली जागा ही अशीच मोक्याची जमीन आहे. एका पानावर पहिली जागा एकच. ती कोणी निर्माण केली नाही. वहीच्या रचनेतून ती उत्पन्न झाली. तिच्यावर मिळणारी कमाई हा नफा नव्हे, मजुरी नव्हे. तो खंड आहे, आणि तो साध्या गिऱ्हाइकाच्या पदरातून वसूल होतो. दलाल गेला असे सांगितले जाते. तो गेलेला नाही. दुकानातून उठून तो रांगेच्या तोंडाशी जाऊन बसला आहे.

मुक्त बाजाराचे समर्थक याला उत्तर देतात. जागा मर्यादित असेल तर तिचा लिलाव व्हावा, ज्याला तिची गरज अधिक तो अधिक किंमत देईल, आणि त्या उत्पन्नातून वहीची राखण करणाऱ्यांचा खर्च भागेल, असे त्यांचे म्हणणे. यात काही तथ्य आहे. क्रमातून होणारी सर्वच कमाई लुबाडणुकीची नसते. दोन बाजारांतील भावांची तफावत मिटवणारा व्यापारी उपयुक्त काम करतो. गठ्ठ्याची युक्तीही एकाच हेतूने वापरली जाते असे नाही. चोराने ताब्यात घेतलेल्या खात्यातील उरलासुरला ऐवज एका दमात बाहेर काढण्यासाठी तिचा उपयोग झालेला आहे. आणि सामान्य गिऱ्हाईकही आता आपला व्यवहार खाजगी वाटेने पाठवून उघड्या प्रतीक्षास्थानाचा धोका टाळू शकतो.

परंतु या युक्तिवादातील उणीव मूलगामी आहे. ‘गरज अधिक तो किंमत अधिक देईल’ हे विधान सर्वांच्या खिशात सारखे पैसे असतील तरच न्याय्य ठरते. सँडविचच्या डावात तर दिली जाणारी किंमतच मुळी मधल्या गिऱ्हाइकाच्या नुकसानीतून येते. ज्याला लुबाडावयाचे त्याच्याच पैशाने लुबाडण्याच्या हक्काचा लिलाव चालावा, याला कार्यक्षमता म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. खाजगी वाटेचे संरक्षण घ्यावयाचे तर त्या वाटेच्या मालकावर विश्वास ठेवणे आले. विश्वासाची गरज नसलेली वही हवी म्हणून जी उठाठेव झाली, तिचा शेवट पुन्हा एका अनोळखी मध्यस्थावर विश्वास ठेवण्यात झाला.

१९०८ चा शहाणपणा

येथे पुन्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे वळणे उपयुक्त ठरेल. ज्या कायद्यान्वये ते चालते तो नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे. परकीय राजवटीत झालेल्या या कायद्याने क्रमाचा प्रश्न स्पष्टपणे ओळखला होता. त्याच्या कलम ५२ प्रमाणे दस्त सादर होताच त्यावर दिवस, तास आणि स्थळ लिहावयाचे असते; सादर करणाऱ्याला पावती द्यावयाची असते; आणि स्वीकारलेले दस्त ज्या क्रमाने स्वीकारले त्याच क्रमाने वहीत उतरावयाचे असतात. म्हणजे रांगेचा नियम कायद्यातच लिहिलेला आहे. निबंधकाने कोणाच्या बिदागीवर क्रम बदलला तर तो गैरवर्तनाचा धनी होतो.

कलम ४७ त्याही पुढे जाते. नोंदलेला दस्त नोंदणीच्या वेळेपासून नव्हे, तर नोंदणीची गरजच नसती तर तो ज्या वेळेपासून अमलात आला असता त्या वेळेपासून परिणामकारक ठरतो. समजा, एकाने सोमवारी आपले शेत एकाला विकून खरेदीखत करून दिले. बुधवारी लबाडीने तेच शेत दुसऱ्याला विकले. आणि दुसऱ्याने धावपळ करून आपला दस्त आधी नोंदवला. मुदतीत नोंदवलेला पहिला दस्त तरीही वरचढ ठरतो. वहीत आधी पोहोचला म्हणून हक्क आधीचा होत नाही. जमीन महसूल संहितेतही फेरफार नोंदवल्यावर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत घेण्यास अवधी मिळतो आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. या कार्यालयांतून गैरप्रकार होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु गैरप्रकाराला गैरप्रकार म्हणता येते, कारण नियम लिहिलेला आहे. बारा सेकंदांच्या वहीत हरकतीला अवधी नाही, आणि लिहिल्यावर दुरुस्तीही नाही. तेथे क्रम चुकला की अन्यायही अभेद्य होतो.

कापसाच्या गाठीची वही

ब्लॉकचेनला सरसकट विरोध करणे हा मात्र यातून काढावयाचा निष्कर्ष नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची खूण पॉलिगॉन या वहीवर नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. बनावट दाखल्यांना आळा बसावा हा हेतू. एका आदिवासी विद्यार्थ्याच्या दाखल्याची नोंद दुसऱ्याच्या आधी झाली की नंतर, याने कोणाचाही दाखला उणा होत नाही. अशा ठिकाणी न पुसली जाणारी वही उपकारकच आहे.

वऱ्हाडाचा खरा प्रश्न कापसाचा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय, भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय, आणि टेक्सप्रोसिल यांच्या ‘कस्तुरी कॉटन भारत’ या योजनेत कापसाच्या गाठींचा माग ठेवण्यासाठी ब्लॉकचेनचा आधार घेतलेला आहे. गाठ कोणत्या जिनिंगमध्ये बांधली, तिची प्रत काय, ती कोठे गेली, हे परदेशातील खरेदीदारालाही पाहता येते. उत्तम गोष्ट आहे. पण ही वही जिनिंगपासून पुढे लिहिली जाते. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाडी किती तास उभी होती, कोणाची गाडी मागून येऊन आधी आत गेली, कोणाचा कापूस ओलाव्याच्या नावाखाली परत पाठवला आणि त्याने तो कोणत्या भावाने व्यापाऱ्याच्या दारात टाकला, हे तीत नाही. गाठीचा इतिहास अमर झाला. शेतकऱ्याच्या रांगेचा इतिहास वाऱ्यावर गेला.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला रांगेचे अर्थशास्त्र कोणी शिकवावयास नको. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा संकलन केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. भाव सर्वांना सारखा, पण नंबर लवकर लागणे हीच एक मिळकत होती. कारण थांबण्याची ऐपत नसलेला छोटा शेतकरी रांग सोडून पडेल भावाने माल विकून मोकळा होई. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने ‘कपास किसान’ या मोबाइल अॅपवर नोंदणी आणि दिवस राखून ठेवण्याची पद्धत आणली. या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला होता. गाड्यांची रांग फोनमध्ये गेली, त्यामुळे ताटकळणे कमी व्हावे ही अपेक्षा रास्त आहे. हे अॅप म्हणजे ब्लॉकचेन नव्हे. परंतु प्रश्न तोच आहे. दिवस कोणत्या नियमाने वाटले जातात? ज्याचा फोन चांगला आणि जोडणी वेगवान, तो पहिल्या मिनिटाला दिवस पटकावणार काय? राष्ट्रीय शेअर बाजारात आखूड तारेचा जो प्रश्न होता, तोच बार्शीटाकळी तालुक्यातील खेड्यात चांगल्या मोबाइलचा आणि मनोऱ्याच्या अंतराचा प्रश्न होऊ शकतो.

काय मागावयाचे

क्रमाची किंमत कमी करणारे मार्ग ज्ञात आहेत. एरिक बुडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे सुचवले की, ठराविक अवधीत आलेल्या सर्व मागण्या एकत्र करून एकाच भावाने निकालात काढाव्यात. अवधीच्या आत आधी कोण आणि नंतर कोण याला मग फारशी किंमत उरत नाही. हे स्वप्नरंजन नाही. मुंबईच्या शेअर बाजारांत ऑक्टोबर २०१० पासून रोज सकाळी नऊ ते सव्वानऊ या वेळात प्रारंभीचा भाव याच रीतीने, सर्व मागण्या गोळा करून, एक समतोल भाव काढून ठरवला जातो. ब्लॉकचेनवरील काही बाजारांनीही हा मार्ग स्वीकारला आहे. क्रम ठरेपर्यंत व्यवहाराचा मजकूर मोहोरबंद ठेवावा, असाही एक उपाय आहे. वऱ्हाडाला हा विचार परका नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत बंद होऊन उघड लिलाव आला, तो बाजाराच्या रचनेत कायद्याने हात घातला म्हणूनच. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा १८९७ इतका जुना आहे.

म्हणून उद्या शासनाने जमिनीच्या नोंदी, गोदामाच्या पावत्या, पीकविम्याचे दावे किंवा शेतमालाची खरेदी अशा न पुसल्या जाणाऱ्या वहीवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, तर कार्यकर्त्यांनी ‘वही सुरक्षित आहे काय’ एवढेच विचारून थांबू नये. पहिली मागणी अशी असावी की, अर्ज पोहोचताच दिवस आणि वेळ नमूद केलेली पावती अर्जदाराच्या हाती पडली पाहिजे. दुसरी, क्रमाचा नियम राजपत्रात छापला गेला पाहिजे आणि रोजची रांग ग्रामपंचायतीच्या फलकावर कोणालाही वाचता आली पाहिजे. तिसरी, जेथे एकाच्या नोंदीने दुसऱ्याचा भाव किंवा वाटा बदलतो, तेथे पैसे देऊन क्रम मिळवण्यास मनाई असली पाहिजे आणि शक्य तेथे एका दिवसाचे सर्व अर्ज एकत्र निकालात काढले पाहिजेत. चौथी, हरकतीचा अवधी आणि दुरुस्तीचा अधिकार यंत्राच्या वेगापायी बळी जाता कामा नये. या चारही गोष्टींचे बीज १९०८ च्या कायद्यात किंवा महसुली प्रघातात आहे. नव्या यंत्राकडून जुन्या कायद्याहून कमी न्याय स्वीकारण्याचे कारण नाही.

या मागण्या क्रांतिकारक वाटणार नाहीत. परंतु समतेचा आग्रह बहुधा अशाच साध्या ठिकाणी कसोटीला लागतो: रेशनच्या दुकानासमोर, पाण्याच्या टँकरपाशी, खरेदी केंद्राच्या फाटकावर. तेथे गरीब माणूस काय मागतो? फुकट काही नाही. आपला नंबर आपल्याला मिळावा, एवढेच. बार्शीटाकळीचा शिलालेख साडेआठशे वर्षे टिकला, कारण दगड टणक होता. त्यावर कोणाचे नाव यावे हे ठरवण्यात मात्र तेथील कष्टकऱ्याचा वाटा असण्याचा संभव कमीच. नवी वही दगडाहून टणक असेल. ती लिहिली जात असतानाच रांगेचा नियम मागून घेतला नाही, तर तीत जे कोरले जाईल तेही पुसता येणार नाही.